कामाकुरा : एक स्टेशन आधी उतरा

जपानला जाऊन आलेल्या कुणालाही 'कामाकुरा पाहिलंत का?' असं विचारा. डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं, उघड्या आभाळाखाली ध्यानस्थ बसलेल्या प्रचंड बुद्धाचं. पोस्टकार्डावर तोच, कॅलेंडरवर तोच. सहलीच्या बसेसही त्याच्यापाशी थांबतात, मंडळी फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत टोकिओला परततात. बुद्ध पाहण्यासारखा आहेच. पण कामाकुरा पाहायचं तर रेल्वेनं जावं आणि तेही मुख्य स्टेशनाच्या एक स्टेशन आधी उतरून, असं माझं मत झालं आहे. त्या आधीच्या स्टेशनापाशी एक लहानसं देऊळ आहे. त्याची हकीकत आपल्याकडच्या प्रत्येक बाईनं एकदा तरी ऐकायला हवी.

आधी गावाची थोडी ओळख. टोकिओपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर हे शहर वसलं आहे. तीन बाजूंना डोंगर, चौथीला समुद्र. शत्रूला आत शिरायला वाटा थोड्या, म्हणून मिनामोतो योरितोमो या सरदारानं ही जागा निवडली. ११९२ मध्ये तो शोगुन झाला. सम्राट क्योतोला गादीवर, आणि खरी सत्ता मात्र कामाकुराच्या शोगुनाकडे, अशी ती व्यवस्था होती. पुढे शोगुनही नावापुरता उरला आणि त्याच्या बायकोच्या माहेरचं होजो घराणं कारभार पाहू लागलं. छत्रपती आणि पेशवे यांची गोष्ट ऐकत लहानाचे मोठे झालेल्या आपल्या लोकांना हे समजायला मुळीच कठीण जात नाही! १३३३ मध्ये होजो पडले आणि कामाकुराची राजधानी संपली. राहिली ती देवळं, थडगी आणि गोष्टी. पुस्तकांत या शहराला समुराई योद्ध्यांचं शहर म्हणतात.

माझी धाकटी बहीण टोकिओच्या निशी-कासाई भागात राहते. तिथे आपल्याकडची कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे पोहे-साबुदाण्यापासून सगळं मिळतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी तिच्याकडे होते. "ताई, उद्या मुलांना शाळेत सोडायचं काम त्यांच्या बाबांकडे. आपण दोघीच जाऊ," तिनं परस्पर ठरवून टाकलं. पहाटे उठून तिनं दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली. एक सूचना मात्र बजावून केली, "डबा गाडीत उघडायचा नाही हं. रोजच्या लोकल गाड्यांतून इथे कुणी खात नाही."

कामाकुराला जाणारी योकोसुका मार्गाची गाडी टोकिओ स्टेशनात जमिनीखाली खूप खोल सुटते. एकामागून एक सरकते जिने उतरतच राहायचं. तिकिटासाठी रांग नाही. पैसे भरलेलं कार्ड फाटकाला टेकवलं की झालं. भाडं एका बाजूचं हजार येनांच्या आसपास आणि प्रवास तासाभराचा. सकाळच्या वेळी टोकिओच्या कित्येक मार्गांवर बायकांचा वेगळा डबा असतो. हे काही नवं नाही. चुओ मार्गावर १९१२ सालीच मुलींना शाळा-कॉलेजात जाता यावं म्हणून खास बायकांसाठी गाडी सोडली होती. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी डबा वेगळा लागतोच, हे ऐकून मला आपली मुंबईची लोकल आठवली.

योकोहामा गेलं की घरांची दाटी जराशी विरळ होते. ओफुना स्टेशन येताना उजव्या खिडकीशी बसावं. झाडीतून एकदम एक पांढराशुभ्र चेहरा वर येतो, शांत, खाली पाहणारा. ही ओफुनाची कान्नोन. काम १९२९ मध्ये सुरू झालं, मधे युद्ध आलं, आणि पूर्ण झालं १९६० मध्ये. उंची पंचवीस मीटर, पण मूर्ती छातीपर्यंतचीच. कान्नोन म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर. भारतातून निघाला तेव्हा तो पुरुष होता. चीन-जपानकडे जाता जाता लोकांच्या मनात त्याला आईचं रूप आलं. दुसऱ्याचं दुःख ऐकायला बाईच हवी, असं तिथल्या माणसांना वाटलं असेल काय?

ओफुनानंतर तीनच मिनिटांत किता-कामाकुरा. 'किता' म्हणजे उत्तर. बहुतेक प्रवासी पुढच्या स्टेशनासाठी बसूनच राहतात. आम्ही दोघी उतरलो. लांबलचक अरुंद फलाट, बाजूला डोंगर, आणि फलाटाला लागूनच एन्गाकु-जी या मोठ्या झेन मठाची झाडी. १८८९ मध्ये इथून रेल्वे नेली ती या मठाच्या आवारातूनच, त्यामुळे मठाचं तळं रुळांच्या एका बाजूला आणि पायऱ्या दुसऱ्या बाजूला असा प्रकार आहे. हा मठ १२८२ मध्ये होजो तोकिमुने यानं बांधला. मंगोल सैन्यानं १२७४ आणि १२८१ अशा दोनदा जपानवर स्वाऱ्या केल्या, त्या परतवल्या गेल्या तेव्हा हाच कारभारी होता. लढाईत मेलेल्या जपान्यांसाठी आणि मंगोलांसाठीही, दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी इथे प्रार्थना व्हावी, हा मठामागचा हेतू. शत्रूच्या मेलेल्यांसाठीही देऊळ बांधावं, ही गोष्ट मला फार मोठी वाटली.

आता ज्या देवळासाठी उतरायचं ते. रूळ ओलांडून पलीकडच्या रस्त्यानं चार-पाच मिनिटं चाललं की उजव्या हाताला दगडी पायऱ्या लागतात. वर गवतानं शाकारलेलं एक लहानसं दार. एन्गाकु-जीच्या भव्य दरवाजानंतर हे दार एखाद्या घराचंच वाटतं. आत दोन्ही बाजूंना उमेची, म्हणजे जपानी प्लमची, झाडं फुललेली होती. पान एकही नाही, नुसती पांढरी-गुलाबी फुलं, आणि थंडीतही जाणवेल असा मंद वास. हे तोकेइ-जी.

तोकिमुने १२८४ मध्ये तेहतिशीतच वारला. त्याची बायको भिक्षुणी झाली. काकुसान हे तिचं भिक्षुणीपणाचं नाव. १२८५ मध्ये तिनं मुलाच्या मदतीनं हे देऊळ उभारलं, फक्त भिक्षुणींसाठी. आणि देवळाची परंपरा सांगते की तिनं मुलाकडे एक मागणं मागितलं. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून जी बाई इथे येईल, तिला इथे ठरावीक काळ राहून त्या लग्नातून मोकळं होता यावं.

याचं महत्त्व कळायला तेव्हाची रीत माहीत हवी. पुढे एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, सामान्य घरांतली काडीमोड व्हायची ती नवऱ्यानं लिहिलेल्या चिठ्ठीनं. या चिठ्ठीचं नावच 'साडेतीन ओळी' असं होतं. आपल्याकडे साडेतीन म्हटलं की मुहूर्त आठवतात, पीठं आठवतात. तिथल्या बाईला साडेतीन म्हटलं की सोडचिठ्ठी आठवत असणार. ही चिठ्ठी हातात असेल तरच बाईला दुसरं लग्न करता येई. चिठ्ठीशिवाय केलं तर शिक्षा. आणि बाईनं स्वतः चिठ्ठी लिहायची सोय नव्हती. नवरा दारू पिऊन मारो, घर विकून खावो, त्यानं साडेतीन ओळी लिहिल्या नाहीत तर ती अडकलेलीच.

अशी बाई मग पळून इथे येई. रात्री-बेरात्री, पायी, कुठल्या कुठल्या गावाहून. मागून नवरा किंवा सासरची माणसं धावत येत असत. एक गोष्ट आवर्जून सांगतात. दारापाशी पोचता पोचता ती पकडली जाणार असं दिसलं, तर तिनं आपली चप्पल किंवा केसांतला काटा दाराच्या आत फेकायचा. वस्तू आत पडली की बाई आत आली असं धरत. पुढे तिला कुणी हात लावायचा नाही.

आत आल्यावर काय होई, याचे कागद देवळाकडे अजून आहेत. आधी देवळाचं कार्यालय चौकशी करी. चौकशीपुरतं तिनं दाराजवळच्या ठरलेल्या खाणावळीत राहायचं. दोन्हीकडच्या माणसांना बोलावणं जाई. जमलं तर समेट, नाही तर सामोपचारानं चिठ्ठी लिहून घ्यायची. पुष्कळदा देवळाचं बोलावणं आल्यावर नवरा मुकाट्यानं चिठ्ठी लिहून देई. अडून बसला, तर ती देवळात राही, काम करी, भिक्षुणींबरोबर नियमानं वागे. चोवीस महिने पुरे झाले की नवऱ्याला चिठ्ठी द्यावीच लागे. तिथे त्याची मर्जी चालत नसे. एदो काळाच्या शेवटच्या दीडशे वर्षांत दोन हजारांहून जास्त बायका इथे आल्या, असा अंदाज आहे. सबंध जपानात त्या काळी असा अधिकार दोनच देवळांना होता, हे एक आणि आजच्या गुन्मा प्रांतातलं मान्तोकु-जी.

"माहेर नसलेल्यांचं माहेर गं हे, ताई," धाकटी म्हणाली.

मी पायरीवर बसून विचार करत होते. माहेर हा शब्द आपल्याला किती गोड वाटतो! पण भांडून आलेल्या मुलीला माहेरीसुद्धा चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "मग, परत कधी जायचं?" शेजारीण विचारते, वहिनी न विचारता विचारते. इथे तो प्रश्न नव्हता. इथे दिवस मोजलेले होते, आणि ते संपल्यावर पुढची वाट मोकळी होती. दया कुणाच्या तरी मनावर असते, आज आहे, उद्या नाही. या बायकांना नियम मिळाला होता, आणि नियमावर बोट ठेवून हक्कानं मागता येतं.

सगळं छान छानच होतं असंही नाही. देवळात राहायचे पैसे पडत. कुणी किती पैसे आणले त्यावर कामं ठरत. जिच्याकडे जास्त ती वरच्या कामाला, जिच्याकडे कमी ती धुण्या-स्वयंपाकाला. दोन वर्षं मागे राहिलेल्या लेकरांचं काय होत असेल, हा विचार तर माझ्या मनातून जाता जाईना. आणि शेवटी चिठ्ठी लिहायची ती नवऱ्याच्याच हातानं.

नव्या सरकारनं १८७१ मध्ये देवळाचा हा अधिकार काढून घेतला. १८७३ मध्ये कायदा झाला आणि बायकोला कोर्टात जाऊन घटस्फोट मागता येऊ लागला, तोही बाप, भाऊ असा कुणी नातलग बरोबर असेल तर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेवटची मुख्य भिक्षुणी गेली आणि देऊळ पुरुष भिक्षूंकडे आलं. आज मागच्या स्मशानात शेवाळलेल्या दगडांमधून हिंडताना झेनची शिकवण जगभर पोचवणारे डी. टी. सुझुकी यांचं थडगं भेटतं. जवळच डोंगराच्या कुशीत जुन्या मुख्य भिक्षुणींची थडगी आहेत. त्यांतली एक तेनशु. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, बाप हिदेयोरी मेला, तेव्हा ही सात वर्षांची. तिचा जीव वाचवून तिला इथे पाठवलं गेलं आणि पुढे ती या देवळाची प्रमुख झाली. स्वतः आश्रयाला आलेली मुलगी दुसऱ्यांना आश्रय देणारी झाली.

तिथून मोठ्या रस्त्यानं पंधरा मिनिटं चाललं की केन्चो-जी. हा १२५३ चा झेन मठ. चीनहून आलेल्या गुरूंनी स्थापलेला. त्यांनी आणलेल्या बियांपासून वाढली असं म्हणतात ती जुनीपरची झाडं आवारात आहेत, खोड पिळलेल्या दोरखंडासारखं. पण आपल्या वाचकांसाठी या मठाची खरी भेट म्हणजे एक सूप. 'केन्चिन' सूप या मठातूनच आलं, असं इथे सांगतात. एकदा शिकाऊ भिक्षूच्या हातून टोफू खाली पडून फुटला. गुरूंनी तो उचलला, धुतला आणि तसाच सुपात टाकला. अन्न वाया जाऊ द्यायचं नाही, ही शिकवण. आपल्या आज्या दुसरं काय सांगत होत्या?

जवळच्या एका लहान खाणावळीत आम्ही ते घेतलं. धाकटीनं आधी विचारून खात्री करून घेतली, कारण जपानी सुपांच्या पाण्यात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. मठाच्या रीतीनं केलं तर त्यात समुद्री शेवाळ आणि सुकी अळंबी यांचंच पाणी असतं. शाकाहारी मंडळींनी विचारल्याशिवाय काहीही मागवू नये. घरी करून पाहायचं तर सोपं आहे. मुळा, गाजर, अळकुड्या यांचे तुकडे थोड्या तिळाच्या तेलात परतायचे. अळंबी भिजवलेलं पाणी घालून शिजवायचे. हातानं कुस्करलेला टोफू आणि चवीला सोया सॉस घालून एक उकळी आणायची. टोफू नसेल तर पनीर चालतं. फोडणी नाही, मसाला नाही, तरी थंडीत दोन वाट्या सहज पोटात जातात.

उतार उतरून दहा मिनिटांवर त्सुरुगाओका हाचिमान-गू, कामाकुराचं मुख्य देवस्थान. हे शिंतो पंथाचं, हाचिमान देवाचं. वरच्या देवळाला एकसष्ट पायऱ्या. पायऱ्यांच्या डाव्या बाजूला एक प्रचंड गिंको वृक्ष होता, तो १० मार्च २०१० ला वादळात मुळासकट कोसळला. त्याच्या खोडाला आणि मुळांना नवे फुटवे आले आहेत. लोक थांबून त्या फुटव्यांना नमस्कार करतात.

पायऱ्यांच्या खाली लाल खांबांचा एक मंडप आहे. मार्गदर्शक पुस्तकात त्याला दोन ओळी असतात, पण गोष्ट मोठी आहे. योरितोमोचा धाकटा सावत्र भाऊ योशित्सुने हा मोठा लढवय्या. भावाभावांत फाटलं आणि योशित्सुने पळाला. त्याची प्रिय नर्तकी शिझुका हिला पकडून कामाकुराला आणलं. ती गरोदर होती. ११८६ च्या वसंतात तिला या देवस्थानात योरितोमोसमोर नाचायला लावलं. ती नाचली, आणि गायली ते पळून गेलेल्या योशित्सुनेच्या आठवणीचं गाणं! सगळ्या सरदारांदेखत! योरितोमो संतापला. तेव्हा शेजारी बसलेली त्याची बायको मासाको बोलली. बापाच्या मनाविरुद्ध, अंधाऱ्या रात्री पावसातून मी तुमच्याकडे आले होते, तुम्ही लढाईवर गेलात तेव्हा माझा जीव असाच टांगणीला लागला होता, असं तिनं त्याला आठवून दिलं. योरितोमोचा राग ओसरला. पण शिझुकाला मुलगा झाला तेव्हा त्यानं ते तान्हं बाळ समुद्रकाठी नेऊन मारायला लावलं. मासाकोनं रदबदली केली, ती चालली नाही. हे सगळं 'आझुमा कागामी' या त्या काळच्या बखरीत आहे. दर वर्षी एप्रिलच्या उत्सवात या मंडपात शिझुकाचं नृत्य होतं.

आणि ही मासाको (११५७–१२२५) तरी सुखी होती का? नवरा ११९९ मध्ये गेला. ती भिक्षुणी झाली, पण राज्याची सूत्रं तिच्या हाती राहिली. लोक तिला 'भिक्षुणी शोगुन' म्हणत. १२२१ मध्ये निवृत्त सम्राटानं कामाकुराविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा गोंधळलेल्या सरदारांना एकत्र बांधलं ते तिच्या भाषणानं. पण थोरला मुलगा १२०४ मध्ये मारला गेला. धाकटा मुलगा, तिसरा शोगुन, १२१९ मध्ये याच देवळाच्या पायऱ्यांवर बर्फ पडत असताना मारला गेला, आणि मारणारा थोरल्याचा मुलगा, म्हणजे तिचाच नातू. दोन मुली आधीच गेल्या होत्या. चारही मुलं डोळ्यांदेखत गेलेली ही बाई राज्य चालवत होती.

देवस्थानासमोर तळं आहे. त्यातल्या एका बेटावर बेन्तेनचं लहान देऊळ दिसतं. बेन्तेन म्हणजे आपली सरस्वती! नदीकाठची, हातात वीणा असलेली आपली देवी बौद्ध ग्रंथांबरोबर इथे आली. इथेही ती पाण्याजवळच राहते, हातात बिवा नावाचं तंतुवाद्य घेऊन. शाळेत शारदोत्सवाला जिची पूजा मांडतो, ती इतक्या दूर भेटली. आपोआप हात जोडले गेले.

तिथून स्टेशनाकडे सरळ रस्ता जातो. त्याच्या मधोमध उंच केलेली एक पायवाट आहे, दोन्ही बाजूंना चेरीची झाडं. ही वाट योरितोमोनं ११८२ मध्ये बांधवून घेतली, मासाकोला दिवस गेले होते तेव्हा, तिची सुखरूप सुटका व्हावी म्हणून. सरदारांनी स्वतः दगड-माती वाहिली म्हणतात. बायकोच्या बाळंतपणासाठी रस्ता बांधणारा हाच माणूस चार वर्षांनी दुसरीचं बाळ मारवतो. दोन्ही गोष्टी एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर. इतिहास शिकवताना आपण लढाया आणि सनावळ्या पाठ करून घेतो. हे कुणी सांगत नाही.

शेजारच्या कोमाची गल्लीत दुकानांची गर्दी. ३ मार्चचा मुलींचा सण जवळ आला होता, म्हणून दुकानादुकानांत लाल कापड अंथरलेल्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या. वर राजा-राणी, खाली दासी, वादक. आपल्या गौरींच्या आराशीची आठवण झाली. लेकीला चांगलं आयुष्य मिळावं म्हणून आया या बाहुल्या मांडतात.

कामाकुरा स्टेशनातूनच एनोदेन नावाची छोटी रेल्वे सुटते. १९०२ मध्ये सुरू झालेली, १९१० मध्ये कामाकुरापर्यंत आलेली, जेमतेम दहा किलोमीटरची, पंधरा स्टेशनांची. गाडी घरांच्या इतक्या जवळून जाते की एखादीच्या वाळत घातलेल्या कपड्यांना हात लागेल. पुढे काही ठिकाणी समुद्राच्या कडेनं, तर एके ठिकाणी चक्क रस्त्यावरून मोटारींच्या बरोबरीनं धावते. तिसरं स्टेशन हासे. त्याच्या आधी युइगाहामा येतं. शिझुकाच्या बाळाला नेलं तो समुद्रकिनारा हाच. गाडी अर्धा मिनिट थांबली आणि पुढे गेली.

हासेहून दहा मिनिटांवर कोतोकु-इन, म्हणजे तो प्रसिद्ध बुद्ध. अमिताभ बुद्धाची ही काशाची मूर्ती १२५२ मध्ये ओतायला घेतली. उंची ११.३ मीटर, वजन १२१ टन. आधी वर मंदिर होतं. वादळांत, लाटांत ते गेलं, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून मूर्ती उघड्यावरच आहे. ऊन-पावसानं अंगावर हिरवट छटा आली आहे. थोडे पैसे देऊन मूर्तीच्या पोटात शिरता येतं. मागच्या बाजूला कवयित्री योसानो आकिको (१८७८–१९४२) यांच्या कवितेचा शिलालेख आहे. बुद्ध असला तरी दिसायला देखणा पुरुष आहे, असं या बाईंनी बेधडक लिहिलं. वाचून आम्ही दोघी हसलो, आणि पुन्हा एकदा मूर्तीकडे पाहिलं. खरंच देखणा आहे! आवारात श्रीलंकेचे जयवर्धने यांचंही स्मारक आहे. १९५१ च्या सान फ्रान्सिस्को परिषदेत वैरानं वैर शमत नाही हे बुद्धवचन सांगून त्यांनी जपानकडून नुकसानभरपाई घ्यायला नकार दिला होता.

परतीच्या वाटेवर हासे-देरा. डोंगराच्या चढावर पायरीपायरीनं चढत गेलेलं देऊळ. वर अकरा मुखांची, नऊ मीटरहून उंच, लाकडाची सोनेरी कान्नोन. पण मी थांबले ती मधल्या टप्प्यावर. तिथे वीतभर उंचीच्या दगडी मूर्तींच्या रांगाच रांगा उभ्या आहेत, शेकड्यांनी. ही जिझोची रूपं. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, मुलांचा सांभाळ करणारा. जी मुलं पोटातच गेली, जन्मतःच गेली, किंवा ज्यांना जन्म देता आला नाही, त्यांच्यासाठी आयांनी या मूर्ती ठेवलेल्या आहेत. जपानी समजूत अशी की आईबापांआधी गेलेली मुलं एका नदीकाठी दगडावर दगड रचत बसतात, आणि जिझो त्यांना आपल्या बाहीत लपवून नेतो. जिझोच्या मूर्तींना लाल लाळेरी बांधतात, लोकरीच्या टोप्या घालतात.

पन्नाशीच्या एक बाई आल्या. ओगराळ्यानं मूर्तीवर पाणी घातलं, रुमालानं हळूच पुसलं, क्षणभर हात जोडले आणि गेल्या. आजूबाजूला शाळेची मुलं होती, प्रवासी होते. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे ज्या बाईचं मूल असं जातं तिला आपण काय म्हणतो? "होईल गं दुसरं." "देवाची इच्छा." "आता विसर." ती विसरत नाही, फक्त बोलायची थांबते. त्याला नाव नसतं, तिथी नसते, कुठे जाऊन दोन फुलं ठेवावीत अशी जागा नसते. धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं. का, ते मला ठाऊक होतं. घरात तो विषय आम्ही कधी काढलेला नाही. मी तिचा हात धरला. थोड्या वेळानं तिनंच ओगराळं उचललं.

चार वाजून गेले होते. समुद्रावर थोडा वेळ बसून, उरलेल्या दशम्या खाऊन आम्ही एनोदेननं परत फिरलो.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. साडेआठ-नऊपर्यंत किता-कामाकुराला पोचावं. देवळं संध्याकाळी चार-पाचला मिटतात. शनिवार-रविवार टाळा, एनोदेनला फार गर्दी होते. देवळांची प्रवेशफी बहुधा तीनशे ते पाचशे येन असते, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. बूट पटकन काढता येतील असे घाला. कचरापेट्या जवळजवळ नसतातच, म्हणून एक रिकामी पिशवी हवी. फेब्रुवारीत प्लम, एप्रिलच्या सुरुवातीला चेरी, जूनमध्ये हायड्रेंजिया फुलतो, मात्र जूनमध्ये छत्री विसरू नका.

आणि मोठा बुद्ध आधी गाठायची घाई करू नका. तो साडेसातशे वर्षं बसला आहे, दुपारपर्यंत कुठे जात नाही. एक स्टेशन आधी उतरा, त्या शाकारलेल्या दाराच्या पायऱ्या चढा, आणि बरोबर बहीण, लेक, मैत्रीण कुणी असेल तर तिलाही घेऊन चढा.